न आलेली मुलं

१९२७ साल. मी पंचविशीचा असेन. असेन म्हणतो, कारण माझा जन्म कुठेच लिहिलेला नाही. प्लेगाच्या दुसऱ्या फेऱ्यात माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिली, तेव्हा तू रांगत होतास, असं आत्या सांगायची. तेवढाच माझा दाखला. शाळा म्हणाल तर मराठी दुसरी, तीही अर्धी. पण सही करतो, वर्तमानपत्र वाचतो. जोडाक्षराशी जरा झटापट होते, पण वाचतो. मला अडाणी म्हटलेलं मी तेव्हाही कुणाचं ऐकून घेतलं नाही.

आम्ही मूळचे माळशिरसाकडचे, मेंढरंवाले. एका दुष्काळात मेंढरं गेली, पाठोपाठ बाप गेला. आई त्याआधीच गेलेली. बापाची बहीण, म्हणजे माझी आत्या, विधवा होती. तिने मला बोटाला धरलं आणि सोलापूरला आणलं. हाताशी आलो तसा मी गिरणीत सूतखात्यात लागलो. लग्नही तिनेच लावून दिलं. गिरणीच्या मागच्या अंगाला आमची वस्ती होती, पत्र्याच्या आणि तट्ट्याच्या खोल्यांची. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला टांगेवाल्यांचे तबेले. गाईम्हशींचं शेण विकत घ्यावं लागे, घोड्यांची लीद फुकट मिळे, म्हणून आमच्या बायका लिदीच्या गोवऱ्या थापत. भाकरी त्यावर, पाणी त्यावर, बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडीही त्यावरच.

वस्तीची सुईण आत्याच. रानात अडलेल्या मेंढ्या सोडवून सोडवून तिचा हात बसलेला. कोकरू बाहेर आलं की विळ्याने नाळ कापायची आणि बेंबीला राख लावायची. कोकरं उड्या मारत जगायची. बायकांनाही ती तसंच करी. राख शेगडीखालची, जमिनीवरून हाताने गोळा केलेली. अडलेली बाई आत्याच्या हाताखाली मेली असं फारसं झालं नाही, हे मी आजही सांगतो. तिच्या हाताला यश होतं. आई वाचायची. पोरांचं मात्र वेगळं होतं.

इथे आमच्यातली एक रीत सांगितली पाहिजे. बारशाआधी गेलेलं मूल मेलं असं आमच्यात म्हणत नसत. ‘आलंच न्हाय’ म्हणत. त्याला नाव नाही, कपाळावर काय लिहायचं ते सटवाईने लिहिलेलं, आणि तिनेच ते परत नेलेलं. मेलं म्हणून तोंडाने बोललात तर सटवाईला घराची वाट सापडते आणि पुढचंही ती नेते. म्हणून बोलायचं नाही. आईने मोठ्याने रडायचं नाही. बाजेखालची शेगडी विझवायची, घरातल्या बाप्याने एकट्याने ओढ्याकाठी जायचं, खड्डा काढायचा, मीठ घालायचं, वर धोंडा आणि बाभळीच्या काट्या. बरोबर कुणी यायचं नाही. दुसऱ्या दिवशी बाई चुलीपुढे बसायची.

माझे दोन आले नाहीत. दोघंही मुलगे होते. धाकटा चांगला अंगाने भरलेला, दूध ओढायचा तर बायको कळवळायची. पाचवीला आत्याने पाटा मांडला, विळा ठेवला, सटवाई पुजली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पोराने दूध सोडलं. तोंड उघडेना. बायकोने बोटाने जबडा उघडायला बघितला, तो लाकडासारखा. मग दारावर थाप पडली, कुणी मोठ्याने बोललं, की त्याचं सगळं अंग कमानीसारखं ताठ व्हायचं. म्हणून आम्ही घरात बोलायचंच बंद केलं. गिरणीचा भोंगा मात्र आम्हाला बंद करता येत नव्हता. तो झाला की पोर आखडायचं. थोरल्याचंही असंच झालं होतं.

आणि या रीतीचा मार पुरुषाला नाही, बाईला बसे. दोन पोरं पोटात वाढवूनही माझी बायको वस्तीच्या लेखी न बाळंत झालेलीच. कुणाच्या बारशाला पाळण्याशी तिला उभं करत नसत. नळावर एकीने तिला ऐकवलं, “तुला काय ठाऊक गं बाळंतपण.” ती घरी येऊन मला म्हणाली, “आवं, मला त्या वांझ म्हनत्यात.” मी म्हणालो, “म्हणू दे.” दुसरं काय म्हणणार.

त्या साली दिवाळीनंतर डॉक्टरीणबाई वस्तीत आल्या. पांढरं लुगडं, पायात चपला, बरोबर म्युनिसिपालिटीचा एक कारकून, कानाला टाक लावलेला. घरोघर एकच प्रश्न. गेल्या दोन वर्षांत घरात किती मुलं जन्मली, किती दगावली? आमच्या दारातही आल्या.

“जन्मली किती?”

“न्हाय अजून काय,” मी म्हणालो.

“दगावली?”

“एकबी न्हाय.”

माझी बायको आत पीठ मळत होती. तिचा हात थांबल्याचं मला पाठीला कळलं. पण मी खोटं बोललो असं मला आजही वाटत नाही. विचारलं तसं सांगितलं. आमच्यात जे उत्तर होतं ते दिलं.

सगळ्या वस्तीने हेच दिलं. शेवटी आत्या कमरेवर हात ठेवून पुढे झाली. “बाई, आमच्यात पोरं मरत न्हाईत. आमी जवारीची भाकर खातो. तुमच्यावानी च्या पिऊन न्हाय जगत.”

बायका फिदीफिदी हसल्या. डॉक्टरीणबाईही हसल्या. “मग आम्हालाच तुमच्याकडून शिकायला हवं,” म्हणाल्या. कारकुनाने वर न बघता लिहिलं. आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्याचा अभिमानच वाटला. सोलापुरात आमच्यासारखी निरोगी वस्ती नाही, असं पुरुषमंडळी चार दिवस बोलत होती. त्यांतल्या बहुतेकांनी ओढ्याकाठी धोंडे ठेवले होते.

मग गिरणीत माझ्या शेजारच्या साच्यावरच्या, म्हणजे यंत्रावरच्या, तेलुगू माणसाने मला सांगितलं, “आमच्या गल्लीत सरकारी नर्स बसणार. शिकलेली. बाळंतपण फुकट. तुम्हाला नाही.”

“का न्हाय?”

“तुमच्यात पोरं मरत नाहीत ना. लिहिलंय तसं. जिथं जास्त मरतात तिथं नर्स.”

तो चिडवत नव्हता. त्याच्या गल्लीत त्यांच्यातलाच एक लिहिता माणूस घरोघर बसला होता, आणि बायकांनी त्याला रडत रडत सगळं सांगितलं होतं.  माझ्या हातातला धागा तुटला, तो सांधायचं मला सुचेना. कारण माझी बायको पुन्हा गरोदर होती. पाचवा महिना लागला होता, आणि ती सकाळी उठली की आधी ओढ्याकडे बघायची.

सुट्टीच्या दिवशी पटका बांधून मी दवाखान्यात गेलो. बाहेर बस म्हणाले तर बसलो नाही, उभा राहिलो. बाई मोकळ्या झाल्या तसा आत गेलो.

“नर्स आमच्या वस्तीला पायजे,” मी म्हणालो.

त्यांनी मला ओळखलं. “तुम्हीच म्हणालात ना, एकही दगावलं नाही?”

“व्हय, मीच.”

“मग नर्स कशाला?”

“पोरं जातात म्हणून.”

 बाई जरा तापल्या. “अहो, जातात तर तेव्हा सांगितलं का नाहीत? मी दोन महिने उन्हात फिरले. तुमच्या एका खोट्यावर...”

“खोटं म्हणायचं न्हाय, बाई.” माझाही आवाज चढला. “आमच्यात बारशाआधी गेलेलं मेलं असं म्हणत न्हाईत. आलंच न्हाय म्हणतात. तुमी मेलेली मोजत हुता. आमच्याकडं मेली न्हाईत.”

 टेबलावरचा कागद बाईंनी उलटा करून ठेवला. मग हळूच म्हणाल्या, “बसा तरी.” मी बसलो. किती गेली म्हणून त्यांनी विचारलं नाही, ते बरं केलं. विचारलं असतं तर मी उठून आलो असतो. त्यांनी बाळंतपणात आमच्याकडे काय काय करतात ते विचारलं. बाज कुठली, पाणी कोण तापवतं, शेक देता का.

“देतो की. बाजेखाली शेगडी असते.”

“पोर नाही आलं, तर शेगडी?”

“ती बी ठेवलेलीच असते. मग विझवायची.”

“आणि शेगडी ठेवली होती, हे सांगायला काही हरकत?”

मी विचार केला. शेगडीवर सटवाईचा काही अंमल नव्हता. “शेगडीचं काय, कुणीबी सांगंल.”

“मग मी शेगड्या विचारते,” बाई म्हणाल्या.

पुढच्या सुट्टीला त्या परत आल्या. कारकुनाला त्यांनी वस्तीच्या तोंडाशीच थांबवलं. बायकांना लिंबाखाली बसवलं आणि स्वतः त्यांच्यात मातीवर बसल्या. पुरुष लांब उभे होते, मी जरा जवळ. एकेकीला विचारायला लागल्या, “तुझ्या बाजेखाली किती वेळा शेगडी पेटली?” बायका सांगू लागल्या. त्यात लाजायचं काय? उलट चढाओढ लागली. जिच्या जास्त शेगड्या तिचा मान मोठा. “आणि मांडीवर पोरं किती खेळतायत?” तेही सांगितलं. मग बाई थांबायच्या. दोन्हींतला फरक तिथेच, सगळ्यांच्या मधोमध पडून राहायचा. हळूहळू हसणं बंद झालं. एकमेकींकडे बघणं बंद झालं. प्रत्येकीला आपल्या घरचं ठाऊक होतं, पण सगळ्या वस्तीचं एका जागी त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

“जी आली नाहीत,” बाई म्हणाल्या, “ती कितव्या दिवशी आली नाहीत?”

 ओढ्याकडून वारा येत होता. मग मागून माझी बायको उठली. पोट पुढे आलेलं, पदर दोन्ही हातांनी धरलेला.

“माजा थोरला सातव्या,” ती म्हणाली. “धाकटाबी सातव्याच.”

“आगं ए!” आत्या ओरडली. “पोटुशी हायस तू! तोंड आवर!”

पण ते एकदा सुटलं ते सुटलं. माझं सहाव्या. माझं आठव्या. माझं सातव्या, पांढरं झालं हुतं. माझ्यानंबी दूध सोडलं, जबडा मिटला. एक म्हातारी, जिला आम्ही कधी रडताना बघितलं नव्हतं, ती पोरांची तोंडं कशी दिसत होती ते सांगायला लागली. तिला थांबवता येईना. लांब उभे पुरुष एक एक करून निघून गेले. मी गेलो नाही.

बाईंनी मग समजावून सांगितलं. एवढ्या घरांत, वेगवेगळ्या सालांत, पोरं सगळी त्याच दोनतीन दिवसांत जातात, तोंड मिटून जातात, म्हणजे हा एकच रोग आहे. धनुर्वात. नाळेतून शिरतो. गंजका विळा, जमिनीवरची राख, त्यातून तबेला शेजारी, लिदीत त्याचं बी असतं. नाळ कापायला स्वच्छ पातं आणि नाळेला काहीही न लावणं, एवढं केलं तरी पुष्कळ पोरं वाचतील.

सगळ्या बायकांनी आत्याकडे बघितलं.

आत्या ताठ बसली होती. तिला उशीर लागला नाही कळायला. “म्हंजी म्या मारली,” ती म्हणाली.

“तसं नाही, मावशी...”

“मावशी म्हनू नगा मला! ह्यो बघा,” तिने माझ्याकडे बोट केलं, “ह्यो म्या काडला रानात. ह्याच इळ्यानं, अशीच राख लावून. मेला का? पाच हात वाढून माज्यावरच उलटला की!” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तू आनलीस हिला. घरात बाई पोटुशी असताना तू मेलेल्यांचा बाजार मांडलास. आता जे काय हुईल ते तुज्या डोक्यावर.”

त्या दिवसापासून आत्याने चूल वेगळी केली. माझ्याशी बोलणं सोडलं. वस्तीही फिरली. शेजारच्याची बायको माझ्या बायकोच्याच बरोबरीने दिवसांत होती. त्याने मला रस्त्यात अडवून सांगितलं, “आमच्या घरात पुन्हा तुज्या डॉक्टरनीला पाठवशील तर याद राख.” मी म्हणालो, “तुला लागंल तवा तूच जाशील.” तो थुंकला.

महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं. म्युनिसिपालिटीची बैठक झाली होती. बाई थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, मी सगळं मांडलं, पण साहेबलोक म्हणाले, बायकांच्या तोंडच्या गोष्टी आणि शेगड्या काय धरायच्या? म्युनिसिपालिटीच्या दप्तरात या वस्तीत बाळाचं एकही मरण नाही. दप्तरात नाही ते झालं नाही. नर्स तेलुगू लोकांच्या गल्लीला मंजूर.

मला हसू आलं. कडू हसू. “ही तर आमचीच रीत झाली,” मी म्हणालो. “आमी बारशाआधीचं धरत न्हाय, ते दप्तराबाहेरचं धरत न्हाईत.”

बाई हसल्या नाहीत. “पुढच्या सालात पुन्हा बैठक आहे. तोवर म्युनिसिपालिटीत जन्ममरणाच्या खिडकीवर जाऊन लोकांनी नोंदी केल्या, तर मी भांडेन. नुसत्या माझ्या बोलण्यावर आता काही होणार नाही.” मग कपाटातून एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. कोरं पातं, उकळून वाळवलेला दोरा, धुतलेलं फडकं. “कुणीही बाळंतपण करो, हे वापरायचं. आणि नाळेला काही लावायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही.”

ते पुडकं मी घरी फळीवर ठेवलं आणि त्याला कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. बायको रोज ते बघायची. फळीखाली उभी राहून बघायची, हात लावायची नाही.

बाईंनी सांगितलेल्या वेळेआधीच पोट दुखू लागलं. मी गिरणीत होतो. शेजारपाजारचं कुणी येईना. बायकोने भिंतीवर हात आपटून आत्याला हाक मारली. आत्या आली. बोलत नव्हती, तरी आली. हे तिचं मी कधी विसरलो नाही. भोंगा झाल्यावर मी घरी पोचलो तेव्हा शेगडी पेटली होती आणि आतून पोराचं रडणं येत होतं. मुलगी. आत्या हात धूत होती.

“तुज्या बाईचं पातं वापरलं,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “दोराबी तिचाच. झालं समाधान?”

“झालं,” मी म्हणालो. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडलो नाही.

पुढचे दिवस चांगले गेले. आत्या घरात परत आली. पोरीला तेल लावायची, अंघोळ घालायची, तिच्या नाकाला नावं ठेवायची. “बापाचं नाक घिऊन आलीया मुडदी. कोन करनार हिला!” बायको हसायची. पाचवी झाली. त्या रात्री मी झोपलो नाही, पण सकाळी पोरीने दूध घेतलं. मी गिरणीत साच्यावर उभा राहून सगळ्यांना सांगितलं की माझी मुलगी दूध घेते.

त्याच संध्याकाळी तिने दूध सोडलं.

मी दवाखान्याकडे पळालो. बाई टांग्याने आल्या. त्यांनी दिवा जवळ घेतला, पोरीच्या हनुवटीला बोट लावलं. मग पोटावरचं फडकं सोडलं. बेंबीवर करड्या राखेची खपली होती.

बाईंनी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, “पातं तुमचं घेतलं, आन राख माजी लावली. दोन्हीकडनं बांध घातला. म्हनलं, एकानं नसंल तर दुसऱ्यानं तर वाचंल.”

 बोलता येण्यासारखं नव्हतं, आवाज झाला की पोरगी ताठ होत होती. बाईंनी थेंब थेंब औषध घातलं. ते गालावरून खाली आलं. जाताना त्यांनी आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळचा भोंगा झाला तेव्हा पोर कमान होऊन राहिली ती सैल व्हायला फार वेळ लागला. दुपारचाही तसाच गेला. संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा ती हलली नाही.

आत्या उठली. तिला जे माहीत होतं तेच तिने केलं. बाजेजवळ खाली वाकली.

“शेगडी इझवा,” ती म्हणाली. “आलीच न्हाय म्हना.”

बायको बाजेवरून उतरली. ओल्या बाळंतिणीला उभं राहवत नव्हतं. ती शेगडीला आडवी झाली.

“न्हाय इझवायची.”

“पोरी, रीत हाय.”

“आत्याबाई, आली हुती ती. तुमीच तिच्या नाकाला नावं ठेवलीत. आली नव्हती तर कुनाच्या?”

आत्या मटकन खाली बसली. मग तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मी तिला तसं रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं, बाप गेला तेव्हाही नाही. मी पोरीला उचललं आणि ओढ्याकडे गेलो. मीठ घातलं, धोंडा ठेवला, काट्या ठेवल्या. दोघांच्या शेजारीच.

खिडकीवर नोंदी होत गेल्या, तशी नर्सची खोली पुढे आमच्या वस्तीत झाली. आज तिथे कुणाला विचाराल तर सरकारने दिली म्हणतील. मी सांगायला गेलो नाही, आणि जाणारही नाही. लोकांनी माझं नाव घ्यावं म्हणून मी काही केलं नव्हतं.

त्या रात्री ओढ्यावरून परत आलो तेव्हा शेगडी पेटलेली होती आणि बायको तिच्याशेजारी बसली होती. ती मला एवढंच म्हणाली, “सकाळी जावा. लिहून या. आली हुती म्हनून लिहून या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीत गेलो नाही. खाडा झाला. अंघोळ केली, लग्नातला पटका काढून बांधला. दारात शेजारी उभा होता. “कुटं?” म्हणाला. मी पटक्याचं टोक खोचलं. “आमच्या घरात बाळंतपण हाय,” तो म्हणाला, आणि या खेपेला त्याच्या आवाजात दम नव्हता. भीती होती. मी म्हणालो, “म्हणूनच जातोय.”

खिडकी उघडायच्या आधीच मी जाऊन उभा राहिलो. कारकून तोच, कानाला टाक लावलेला. त्याने मला ओळखलं. “काय हो, निरोगी वस्ती?”

“मरण लिहायचं हाय.”

त्याने पुस्तक ओढलं. “कुणाचं?”

“मुलीचं. सात दिवसांची.”

“नाव?”

“बारसं झालं न्हाय.”

“मग नुसतं मुलगी लिहितो.” तो लिहायला लागला. मी खिडकीतून हात घालून पानावर ठेवला. तो दचकला. “अहो, शाई ओली आहे!”

“हे नंतर,” मी म्हणालो. “आधी दुसरं पुस्तक काढा. आधी जन्मली म्हणून लिहा.”

“मेलेल्याचा आता जन्म कशाला लिहायचा? मागे लोक उभे आहेत.”

“उभे राहू देत. मी खाडा करून आलोय.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मागच्या माणसांकडे बघितलं, आणि पुटपुटत फळीवरचं दुसरं पुस्तक काढलं. धूळ झटकली. विचारलं ते मी सांगितलं. आईचं नाव सांगितलं, आणि हिला मूल झालं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कुठेतरी लिहिलं गेलं. मग आधीच्या दोघांचं मीच विचारलं. इतक्या जुन्याची नोंद होत नाही, म्हणाला. पुष्कळ हुज्जत घातली, त्याने ऐकलं नाही.

“वाचून दावा,” मी म्हणालो.

त्याने वाचलं. मुलगी, जिवंत जन्मली.

मग त्याने मरणाचं पुस्तक पुढे केलं. मी दोन्हीकडे सही केली, सावकाश, जोडाक्षरासकट, आणि उन्हातून घरी आलो.